माशाच्या अंगातली बेगमी

जून महिना लागला की इथल्या मासळीच्या गाड्यांवर लाल-पांढरे-निळे छोटे झेंडे लागतात आणि पाटी झळकते: नवीन हॅरिंग आली. यंदा नेमकी त्याच सुमाराला आई पहिल्यांदा नेदरलँड्सला आली होती. आई मालवणची. तिला पवनचक्क्या बघायच्या नव्हत्या, ट्यूलिप तर तोवर संपलेच होते. तिला मासळीबाजार बघायचा होता. हार्लेमच्या चौकातल्या गाडीवर मी तिला हॅरिंग घेऊन दिली. हा मासा शिजवत नाहीत. साफ करून मिठात मुरवतात, जंतांच्या भीतीनं नियमाप्रमाणे गोठवूनही काढतात, आणि बारीक चिरलेल्या कांद्याबरोबर तसाच खातात. मला वाटलं, आई तोंड फिरवेल. तिनं एक तुकडा खाल्ला, बोटं एकमेकांवर घासून बघितली आणि म्हणाली, "ह्याला तेल चांगलं आहे रे. नारळी पुनवेनंतरच्या बांगड्यासारखं."

गाडीवाल्याला मी ते इंग्रजीत सांगितलं. तो खूश होऊन म्हणाला, "आईला सांग, कमीत कमी सोळा टक्के!"

ते सोळा टक्के म्हणजे चरबी. 'हॉलंडसे निउवे', म्हणजे हॉलंडची नवी हॅरिंग, हे नाव लावायचं तर माशात किमान १६ टक्के चरबी असावी लागते, असा इथला नियम. हिवाळ्यात हाच मासा रोड असतो. वसंतात समुद्रात प्लँक्टन फुलतं, हॅरिंग ते खाऊन गब्बर होते, आणि पोटात गाबोळी धरायच्या आतले मे-जूनचे काही आठवडे तिच्या अंगात सगळ्यात जास्त तेल असतं. वसंत थंड गेला, प्लँक्टन उशिरा आलं, तर चरबी भरत नाही आणि हंगामाची सुरुवात आठवडाभर पुढे ढकलतात. पहिल्या पिंपाचा लिलाव, स्खेव्हेनिंगेनचा झेंड्यांचा उत्सव, सगळं त्या आकड्यासाठी थांबतं.

घरी येऊन मी सवयीनं हिशोब मांडला. एक ग्रॅम चरबी जाळली की साधारण ३९ किलोज्यूल ऊर्जा मिळते, एक ग्रॅम प्रथिनं जाळली की २४ च्या आसपास. शंभर ग्रॅम मासा, त्यात १८ ग्रॅम प्रथिनं धरू. चरबी १६ ग्रॅम असेल तर एकूण हजारावर किलोज्यूल होतात. चरबी ५ ग्रॅम असेल तर सव्वासहाशे. काटा दोन्ही वेळेला शंभर ग्रॅमच दाखवतो. पण खाणाऱ्याच्या पोटात एकात दीडपटीहून जास्त पडतं.

हे सगळं या सदरात सांगायचं कारण बातम्यांत आहे. सप्टेंबरच्या अखेरीस युरोपातल्या समुद्र-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं, जिला सगळे 'आयसीईएस' म्हणतात, ईशान्य अटलांटिकमधल्या मॅकरेलबद्दल सल्ला दिला: २०२६ मध्ये सुमारे १ लाख ७४ हजार टनांपेक्षा जास्त पकडू नका. आदल्या वर्षीच्या सल्ल्यापेक्षा ही ७० टक्के कपात आहे. डच ट्रॉलर-मालकांची झोप उडाली. त्याआधी ऑगस्टच्या सुरुवातीला अंटार्क्टिकातली क्रिलची मासेमारी वेळेआधी बंद करावी लागली, कारण ६ लाख २० हजार टनांची मर्यादा पहिल्यांदाच गाठली गेली. आणि तिकडे उत्तर ध्रुवाभोवती एक मासेमारीबंदी चालू आहे, तिची मुदत २०३७ ला संपते. तिन्ही बातम्या टनांच्या, नाहीतर टनांवर बेतलेल्या. इथं चौकातला गाडीवालासुद्धा माशाची चरबी मोजून धंदा करतो, आणि ध्रुवीय समुद्राचं भवितव्य ठरवणारी माणसं मात्र वजनकाट्यावर थांबतात, हे मला पटत नाही. तेवढं एकच मला आज मांडायचं आहे.

ध्रुवाजवळच्या समुद्राचा हंगाम हा आपल्याकडच्या हंगामापेक्षा फार कडक. वर्षातले काही महिने सूर्यच उगवत नाही, वर बर्फाचं झाकण. सूर्य परत आला की बर्फाच्या तळाला चिकटलेलं शेवाळ वाढतं, मग बर्फाच्या कडेनं पाणी हिरवं होतं. ते खाऊन कोपेपॉड नावाचे तांदळाच्या कणीएवढे किंवा त्याहून लहान जीव स्वतःच्या अंगात तेलाची पिशवीच भरून घेतात. मासे ते खातात, माशांना सील, पक्षी, व्हेल खातात. वर्षाची सगळी कमाई थोड्या आठवड्यांत करायची आणि उरलेलं वर्ष त्यावर काढायचं. कोकणात मे महिन्यात घराघरांत सुकी मासळी, कोकमं, पापड भरून ठेवतात, तशी पावसाळ्याची बेगमी. फक्त इथं फडताळ म्हणजे माशाचं स्वतःचं अंग. पोलर कॉड नावाचा वीतभर लांबीचा मासा आर्क्टिकच्या अन्नसाखळीचा मधला खांब आहे, तो ही बेगमी मुख्यतः यकृतात भरतो. आणि ऐन हिवाळ्यात, बर्फाखाली, अंधारात तो अंडी घालतो. म्हणजे खर्चही त्याच दिवसांत.

मग मोजतात कसं? इथं नेदरलँड्सचा संबंध येतो, आणि तो बराच मोठा आहे. माझ्या घरापासून सायकलनं तासाभरावर आयमौडेन बंदर आहे. तिथं आणि उत्तरेला डेन हेल्डरला वाखेनिंगेन विद्यापीठाच्या सागरी संशोधन संस्थेची केंद्रं आहेत. या संस्थेतले यान आंद्रिस फान फ्रानेकर, ज्यांचं नाव समुद्रपक्ष्यांच्या पोटातल्या प्लास्टिकच्या अभ्यासामुळे जास्त माहीत आहे, त्यांनी बर्फाखाली मासे पकडायचं एक जाळं तयार करवून घेतलं. त्याचं छोटं नाव 'सूट'. साधं जाळं जहाजामागे ओढलं तर बर्फ फुटलेल्या वाटेतूनच जातं, तिथं काही मिळत नाही. हे जाळं तिरकं ओढलं जातं, त्यामुळे ते जहाजाच्या बाजूला सरकून न फुटलेल्या बर्फाखाली शिरतं. वर तरंगतं, आणि चौकटीला चाकं असल्यानं बर्फाच्या तळाला टेकून गाडीसारखं धावतं. छताला चिकटून धावणारी गाडीच म्हणा ना. २००४ मध्ये जर्मन संशोधन-जहाज 'पोलारस्टर्न'वरून अंटार्क्टिकाजवळच्या लाझारेव समुद्रात ते वापरलं गेलं.

जाळ्यात सापडलेला मासा मोजतात, तोलतात, वय कळावं म्हणून कानातला खडा काढतात आणि गोठवतात. प्रयोगशाळेत त्यातलं पाणी उडवून तो पूर्ण कोरडा करतात, दळून पूड करतात, पुडीची गोळी दाबतात. ती गोळी जाड पोलादी भांड्यात ऑक्सिजन भरून पेटवायची. भांडं पाण्यात बुडवलेलं असतं. पाणी किती तापलं त्यावरून गोळीत किती ऊर्जा होती ते काढायचं. यंत्र खरं सांगतंय की नाही हे तपासायला आधी बेंझोइक आम्लाची गोळी जाळतात, कारण तिचं उत्तर आधीच माहीत असतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला टेस्ट केस म्हणतो, तेच.

वाचायला सोपं आहे. भानगडी पुढे आहेत. कोरड्या पुडीचा आकडा ओल्या माशाला लावायचा तर माशात पाणी किती होतं ते माहीत हवं. आणि चरबी कमी झाली की मासा वजनानं तेवढा कमी होत नाही, तिथं पाणी येऊन बसतं. उपाशी मासा पाणचट होतो. म्हणून तर काटा फसवतो. मादीच्या पोटात गाबोळी असेल तर ती ऊर्जा खाणाऱ्याला मिळते, पण माशाच्या हिवाळ्यासाठी ती नसते. पोट भरलेलं असेल तर कालचं जेवणही मोजलं जातं. अंटार्क्टिक सिल्व्हरफिश नावाच्या माशाला तरंगण्यासाठी हवेची पिशवी नसते. तो चरबीच्या जोरावर तरंगतो. म्हणजे ती चरबी म्हणजे फडताळातला साठा नव्हे, ती घराची तुळई आहे. साठा म्हणून मोजली तर हिशोब चुकला. त्याच लाझारेव समुद्रातल्या माशांची ऊर्जा जेव्हा मोजली गेली तेव्हा दिसलं, की इलेक्ट्रोना नावाचा कंदीलमासा आणि बॅथिलॅगस नावाचा खोल पाण्यातला मासा, दोन्ही एकाच समुद्रातले, पण कोरड्या ग्रॅममागची ऊर्जा इलेक्ट्रोनात कितीतरी जास्त. पेंग्विनानं आणि सीलनं कोणता मासा किती खाल्ला हे नुसतं टनांत लिहिलं, तर त्याचा अर्थच लागत नाही.

२०१८ मध्ये फोक्ये स्खाफ्समा आणि सहकाऱ्यांनी दक्षिण महासागरातल्या मासे, क्रिल वगैरे जीवांच्या ऊर्जेचे तोवर छापून आलेले आकडे एकत्र केले. मी त्याच्याकडे आधी माझ्या धंद्याच्या नजरेनं बघितलं, आणि अशा कुठल्याही संग्रहात मी पहिली बघतो ती तारीख. अंटार्क्टिकात जहाजं जातात उन्हाळ्यात. स्वाभाविक आहे, हिवाळ्यात बर्फ फोडत जायला इंधन, धाडस आणि पैसा तिन्ही लागतं. त्यामुळे ध्रुवीय समुद्राबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बहुतेक उन्हाळी आहे. लाझारेव समुद्र हा सुदैवी अपवाद: २००४ चा शरद, २००६ चा हिवाळा, २००७-०८ चा उन्हाळा, असे तीन हंगाम एकाच भागात बघितले गेले. हिवाळ्यात बर्फाच्या अगदी तळाशी क्रिल उन्हाळ्यापेक्षा दाट सापडलं, हे त्यातूनच कळलं. हिवाळ्यात कोणी गेलंच नसतं तर?

माझा एक जुना अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी आम्ही घरांना लागणाऱ्या उष्णतेचा अंदाज बांधणारं मॉडेल केलं होतं. सेन्सर एप्रिलमध्ये बसले, ऑक्टोबरपर्यंतचा डेटा मिळाला, मॉडेल झकास चालू लागलं. डेमोला टाळ्या पडल्या. जानेवारीत थंडीची लाट आली आणि आमचे अंदाज असे काही कोसळले, की दोन आठवडे फोन घ्यायची लाज वाटत होती. मॉडेलमध्ये दोष नव्हता. त्यानं हिवाळा बघितलाच नव्हता. सरासरी हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरतो. कोणीही सरासरी सांगितली की विचारतो, कुठल्या महिन्यांची?

आता कोणी म्हणेल, माशाच्या चरबीत थोडं कमी-जास्त झालं तर एवढं काय बिघडतं? उत्तर आमच्या दारातच आहे, उत्तर समुद्रात. २००४ साली स्कॉटलंडजवळच्या आयल ऑफ मे या बेटावर गिलेमॉट पक्ष्यांची वीण फसली. हे पक्षी पिल्लाला एका वेळी एकच मासा आणून भरवतात. त्या वर्षीही आणत होते. पण संशोधकांनी ते मासे तपासले तेव्हा त्यांची ऊर्जा अपेक्षेच्या मानानं फारच कमी निघाली. मासे दिसायला मासेच होते, आत दम नव्हता. आईबाप खेपा घालून थकले आणि पिल्लं उपाशी राहिली. पुढच्या काही वर्षांत त्याच समुद्रात सापासारखे, हाडकुळे पाइपफिश अचानक वाढले, तेही पिल्लांना भरवले गेले, आणि काही पिल्लांच्या तर घशात अडकले. भाताच्या जागी कोंडा वाढला तर ताट भरलेलंच दिसतं.

दुसरं उदाहरण माणसांच्या पोटाचं. इथं आपली बरीच मंडळी आवडीनं किबलिंग खातात, माशाची तळलेली भजीच ती. पूर्वी ती कॉडची असायची, हल्ली पुष्कळदा अलास्का पोलॉकची असते. हा मासा येतो बेरिंग समुद्रातून. २००१ ते २००५ ही तिथली वर्षं उबदार होती. पोलॉकची पिल्लं भरपूर दिसली, सगळे निर्धास्त झाले. पण उबदार पाण्यात मोठे, तेलकट कोपेपॉड कमी झाले होते. पिल्लं वाढली, पण अंगात चरबी भरली नाही. हिवाळा आला आणि त्यातली फार थोडी तगली. काही वर्षांनी मोठ्या माशांची फळी रोडावली आणि कोटा सुमारे १५ लाख टनांवरून २००९ मध्ये ८ लाखांच्या आसपास आणावा लागला. यातून अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी एक शहाणपण घेतलं. आता ते हिवाळ्याच्या तोंडावर पिल्लामागे किती किलोज्यूल साठले आहेत ते मोजतात आणि त्यावरून पुढच्या वर्षी किती पिल्लं उरतील याचा अंदाज बांधतात. गोष्ट तेवढीच आहे: मोजलं तर वापरता येतं.

म्हणून मला त्या २०३७ च्या मुदतीची काळजी वाटते. मध्य आर्क्टिक महासागराचा सुमारे २८ लाख चौरस किलोमीटरचा भाग कुठल्याच देशाचा नाही. पूर्वी तो कायम गोठलेला, त्यामुळे प्रश्नच नव्हता. बर्फ मागे सरू लागल्यावर ३ ऑक्टोबर २०१८ रोजी ग्रीनलंडच्या इलुलिसॅटमध्ये एक करार झाला. अमेरिका, रशिया, कॅनडा, नॉर्वे, डेन्मार्क, आइसलँड, चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि युरोपीय संघ असे दहा पक्ष. मासे सापडायच्या आधीच मासेमारी बंद करायची आणि तोवर मिळून अभ्यास करायचा, असं त्यात ठरलं. करार २५ जून २०२१ ला लागू झाला, १६ वर्षांसाठी. पुढे दर पाच वर्षांनी आपोआप वाढेल, पण एकाही पक्षानं हरकत घेतली तर वाढणार नाही. आजच्या जगात हे दहा जण एका टेबलावर बसून कशावर एकमत करतील असं वाटतं तुम्हाला? युक्रेनच्या युद्धानंतर रशियाबरोबरचं संशोधन-सहकार्य जवळपास थंडावलंच आहे.

आणि अभ्यास कुठवर आलाय? २०१२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पोलारस्टर्ननं त्याच 'सूट' जाळ्यानं मध्य आर्क्टिकच्या बर्फाखाली पोलर कॉडची पोरं मोजली: चौरस किलोमीटरला मध्यक साधारण ५ हजार. त्यांच्या अंगातल्या कार्बनचा मोठा वाटा बर्फाच्या तळाच्या शेवाळातून आलेला होता, हेही नंतर सिद्ध झालं. म्हणजे बर्फ गेला की त्यांचं शेत गेलं. २०१९-२० मध्ये पोलारस्टर्न मुद्दाम बर्फात अडकून वर्षभर वाहत राहिलं, त्या मोहिमेत मध्य आर्क्टिकच्या खोल पाण्यात अटलांटिक कॉड सापडले, जिथं ते असतील असं कोणाला वाटलं नव्हतं. पण एकूण मासे इतके विरळ, की व्यापारी मासेमारीला तिथं सध्या काही नाही. चांगली बातमी. पण उद्या दक्षिणेकडचे मासे वर सरकले आणि जाळ्यात टन वाढले, तर कोणीतरी म्हणणारच, बघा, मासा वाढला, आता बंदी उठवा. तेव्हा विचारायला हवं, की त्या टनांत किलोज्यूल किती? आणि फेब्रुवारीत किती? त्याचं उत्तर द्यायला सलग काही हिवाळ्यांचे आकडे लागतात. ते २०३६ मध्ये घाईघाईनं गोळा होत नाहीत.

मी बंदीचा भक्त नाही. माझा मामा मालवणला रापणीवर जायचा. पर्ससीन जाळीवाले आणि रापणकर यांची भांडणं मी लहानपणापासून ऐकली आहेत, आणि मासेमारी बंद म्हणजे कोणाच्या तरी घरची चूल बंद, हे मला माहीत आहे. फान फ्रानेकरांसारखी माणसं जे मोजतात ते मासेमारांविरुद्ध आहे असंही नाही. उलट मासेमाराला हे आधीच कळलेलं असतं. अंटार्क्टिकातल्या क्रिल कंपन्यांचं बघा. क्रिलच्या तेलाच्या गोळ्या औषधाच्या दुकानात महाग विकल्या जातात, त्यामुळे क्रिल कुठल्या महिन्यात तेलानं भरतं हे त्या कंपन्या बरोबर ओळखून असतात. मर्यादा ठरवणारे टन मोजतात आणि पकडणारे तेल. खरं तर क्रिल कुठल्या भागात किती पकडायचं याची वाटणी करणारा एक नियम होता, त्याची मुदत २०२४ मध्ये संपली आणि नवीनवर एकमत झालं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये हॉबार्टला त्या आयोगाची वार्षिक बैठक होती. भारत १९८६ पासून या आयोगाचा सदस्य आहे, नेदरलँड्स २०१९ पासून. दोघांनाही मत आहे. तेव्हा हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही.

तसा तो कधीच लांबचा नव्हता. अंटार्क्टिकातल्या रोथेरा तळावर २०१३ पासून एक डच प्रयोगशाळा आहे, डिर्क खेरिट्स यांच्या नावाची. हा एंकहौझेनचा खलाशी सोळाव्या शतकात वीसेक वर्षं गोव्यात राहून व्यापार करत होता. १५९९ मध्ये त्याचं जहाज वादळानं दक्षिणेला खूप खाली ढकललं गेलं, म्हणून हे नाव. त्याच गावचा यान ह्यूखेन फान लिन्सखोटेन १५८३ ते १५८८ गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस होता, आणि नंतर तोच बारेंट्सच्या मोहिमांबरोबर आर्क्टिकला गेला. मांडवीच्या काठावरून थेट बर्फात! पुढच्या, १५९६-९७ च्या मोहिमेत बारेंट्सची माणसं नोवाया झेम्ल्यावर हिवाळाभर अडकली. त्यातली १२ ॲमस्टरडॅमला परतली. ध्रुवावरचा हिवाळा बेगमीशिवाय कसा असतो, हे डच शाळकरी पोरांना त्या गोष्टीतून ठाऊक असतं.

आणि आजचं गोवा? वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. स्वालबार्डच्या नी-ओलेसुन्द गावात २००८ पासून आपलं 'हिमाद्री' केंद्र आहे. त्याच गावात डचांचंही आहे. २०१४ मध्ये भारतानं तिथल्या फ्योर्डमध्ये पाण्याचं तापमान वगैरे सतत नोंदणारी यंत्रणा सोडली. डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी आर्क्टिक मोहीम निघाली. ती बातमी आपल्याकडे आतल्या पानात आली असेल, पण मला विचाराल तर चंद्रावर उतरण्याएवढा गाजावाजा नको, निदान त्याच्या दहावा हिस्सा तरी व्हायला हवा होता. नी-ओलेसुन्दच्या फ्योर्डमध्ये अटलांटिकचं कोमट पाणी शिरतं आहे आणि पोलर कॉडच्या घरात पाहुणे येत आहेत. हिवाळ्यात तिथं माणसं हजर असतील तर मासा, पाणी आणि तेल तिन्ही एकाच वेळी मोजता येईल. भारत मध्य आर्क्टिकच्या करारात नाही, पण हिवाळ्याचे आकडे ज्याच्याकडे असतील त्याला कोण बाहेर ठेवणार?

इथं नेदरलँड्समध्ये मात्र वारा उलटा आहे. मागच्या सरकारनं उच्च शिक्षण आणि संशोधनाच्या पैशात मोठी कपात केली. २५ नोव्हेंबर २०२४ ला हेगच्या मैदानावर प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला, तेव्हा आमच्या ऑफिसातलेही काही जण गेले होते. ते सरकार जून २०२५ मध्ये पडलं, २९ ऑक्टोबर २०२५ ला निवडणूक होती. माझ्याकडे अजून डच पासपोर्ट नाही, त्यामुळे मत नाही. बायकोला आहे. आमच्या घरात स्थलांतर, घरांची टंचाई आणि दिवाळीची सुट्टी या तीन विषयांवर चर्चा होते, हिवाळी जहाजमोहिमेवर होत नाही, आणि कुठल्याच पक्षाच्या पत्रकात मला तिचा उल्लेख सापडला नाही. बर्फाखाली ओढायचं जाळं पडून राहिलं तर कोणी रस्त्यावर येणार नाही. मॅकरेलचा कोटा गेला तर येतील, आणि मग विचारतील की आधी कोणी सांगितलं का नाही.

आई ऑगस्टच्या शेवटी परत गेली. जाताना बॅगेत हॅरिंग नेता येईल का विचारत होती. कशीबशी तिची समजूत घातली. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. मामाच्या रापणीला यंदा तारली बरी लागली, टोपल्या भरून, दरही बरा मिळाला. मी म्हटलं, मग मजा आहे तुमची. आई म्हणाली, "मजा कसली? तारलीला कधी तव्यावर तेल घातलं होतं का मी? ह्या खेपेला घालावं लागलं."